मऊ आहे म्हणाले

बाबांची दाढ किडली आहे हे आमच्या बेटावर डुकरांनासुद्धा माहीत होतं. खालची, डावीकडची, शेवटून दुसरी. मधोमध खड्डा. जेवण झालं की बाबा दारात बसायचे, नारळाच्या झावळीतला एक हीर काढायचे आणि दाढ कोरत राहायचे. कोरता कोरता डोळे बारीक व्हायचे. दुखतंय का विचारलं की म्हणायचे, नाही. दिवसभरातलं आमचं बोलणं बहुतेक एवढंच.

घरात आम्ही दोघंच होतो. आई दोन वर्षांपूर्वी ऑकलंडला गेली, तिथे म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालते. धाकट्याला बरोबर नेलं. मी तेव्हा मोठ्या बेटावर, पांगाईच्या हायस्कूलला होते म्हणून मागे राहिले. मग हायस्कूलही सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं. वही मास्तरांच्या अंगावर फेकली आणि पहिली बोट धरून घरी आले. वाटलं होतं बाबा मारतील. त्यांनी मारलं नाही, ओरडले पण नाहीत. चहा टाक म्हणाले. मारलं असतं तर बरं झालं असतं. निदान काहीतरी झालं असतं.

मार्चमध्ये दाताची डॉक्टर आली होती. सिनीवा नाव तिचं. बोटीतून घडीची खुर्ची आणली, शाळेच्या खोलीत मांडली आणि आधी सगळ्यांना समोर बसवून झाडलं. म्हणाली, डोक्यावर फुकटची शहाळी लटकताहेत आणि तुम्ही दुकानातलं लाल पाणी पिताय. तान्ह्या पोराच्या बाटलीत साखरेचा चहा घालणाऱ्या आयांना तिने एकेक करून उभं केलं. रात्री झोपायच्या आधी घासायचंच, थुंकायचं आणि वर पाणी घेऊन खळखळून धुवायचं नाही, ती पेस्ट तशीच दातांवर राहू द्यायची, असं म्हणाली. बोटवाल्या केपूचे पुढचे दोन दात कधीच गेलेत. त्याने विचारलं, जे नाहीत ते कसे घासायचे? ती म्हणाली, हिरड्या आहेत ना, त्या घास, त्या गेल्या तर मागचे पण जातील. सगळे हसले. केपूसुद्धा हसला, तोंडावर हात ठेवून.

माझ्या दाढेत एक बारीक भोक निघालं. सुईचं दुखलं नाही, पण त्या यंत्राचा आवाज थेट मेंदूत गेला. मी खुर्चीचा हात धरून तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दहा मिनिटांत तिने भरून टाकलं. म्हणाली, लहान आहे म्हणून एवढ्यावर भागलं, दोन वर्षं थांबली असतीस तर आतली नस काढावी लागली असती, त्याच्याही पुढे गेलं की उपटणं.

मग बाबा बसले. आमच्यात बापाच्या डोक्याला कुणी हात लावत नाही. पोराने तर नाहीच. केसांना नाही, गालाला नाही. बाबांच्या ताटातलं उरलेलं मी खात नाही, त्यांच्या कपातून पीत नाही. त्यात बाबा आमच्या सगळ्या कुळात मोठे, आणि बेटावरची तीस-पस्तीस माणसं सगळी आमच्याच कुळातली. म्हणून डॉक्टरनेही हात लावायच्या आधी मान खाली घालून माफी मागितली. मग आरसा आत घातला, दाढेवर टकटक केलं. बाबांचा पाय खुर्चीवरून उडाला.

ती म्हणाली, ही आता भरता येणार नाही, मुळाशी सडली आहे, आजच काढू या, बधिर करून काढते, कळणारही नाही. बाबांना दोन दिवसांनी शेजारच्या बेटावर लग्नात बोलायचं होतं. आमच्या घरातर्फे तेच बोलतात. सुजलेल्या तोंडाने कसं बोलणार? पुढच्या खेपेला काढू, असं म्हणून उठले.

"पुढची खेप कधी ते दाढ ठरवते, काका, तुम्ही नाही," डॉक्टर म्हणाली.

आणि तिचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. बाबांना नाही, मला. माणसं बरोबर ओळखते ती.

आता आत्याचं सांगायला पाहिजे.

तेलेसिया आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. चर्चच्या पलीकडे राहते. एका दाताला सोन्याची कड आहे. हसली तर दिसते, पण हसते कुठे. आमच्यात आत्या म्हणजे बापाच्याही वर. बाबांच्या वरचं या बेटावर तेवढं एकच माणूस. रविवारी जमिनीतल्या भट्टीत जेवण शिजलं की पानात बांधलेली पहिली पुडी आत्याची. आत्याने काही मागितलं तर द्यायचं, आत्या बोलली तर ऐकायचं. मी शाळा सोडून आले तेव्हा ती बायकांबरोबर बसून केवड्याच्या पानांची चटई विणत होती. मला समोर बसवलं आणि सगळ्यांच्या देखत अर्धा तास झापलं. मी ऐकत होते, खरंच ऐकत होते. मग ती म्हणाली, आईच्या मागे कुणी वळण लावायला नाही म्हणून ही अशी झाली. आई मध्ये आल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, स्वतःला पोर नाही म्हणून दुसऱ्यांच्या पोरांना वळण लावत फिरता.

विणणारे सगळे हात थांबले. चटईचा एक पट्टा आत्याच्या हातून सुटला, तो तिने परत घेतला, परत सुटला.

दुसऱ्या दिवशी बाबा जुनी फाटकी चटई कमरेला गुंडाळून तिच्या अंगणात जाऊन बसले, माझ्या वतीने माफी मागायला. मी गेले नाही. किनाऱ्यावर बसून दगड मारत होते पाण्यात. आत्याने बाबांना माफ केलं. मला केलं की नाही, कळलं नाही. तेव्हापासून दर रविवारी मी तिची पुडी पायरीवर ठेवायचे आणि हाक न मारता परत यायचे. सहा महिने असंच चाललं.

ऑगस्टमध्ये बाबांचा गाल पहिल्यांदा सुजला. दवाखान्यातल्या नर्सने गोळ्या दिल्या, दिवसातून तीन, सात दिवस. दोन दिवसांत सूज उतरली. मग नर्स ट्रेनिंगला राजधानीला गेली आणि दवाखान्याला कुलूप लागलं. गोळ्या संपवल्या का विचारलं तर बाबांनी हो म्हणून मान हलवली.

पुढच्या पंधरवड्यात गुरुवारी परत सूज आली. या वेळी वेगळी. गालावर नाही, खाली, जबड्याच्या आत शिरल्यासारखी. बाबांनी लवंग दाबली. मग डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर ठेवली, त्याने आतली कातडी पांढरी पडून सोलली. मग गरम पाण्यात फडकं बुडवून शेकत बसले. शुक्रवारी सकाळी मी चिठ्ठी शोधली आणि पाण्याच्या टाकीपाशी गेले. आमच्याकडे रेंज फक्त तिथेच येते, तीही टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर.

डॉक्टरने पटापट विचारलं. ताप आहे का? आहे. तोंड किती उघडतंय, दोन बोटं आत जातील का? एक जाईल. गिळता येतंय का? चहा पितात. मी सगळं खरं सांगत होते, मला सगळं दिसलं होतं. शेकणं बंद करा म्हणाली, सूज बाहेरून शेकली की आत पसरते. हिरडीवर गोळ्या ठेवणं बंद, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. घरात बाकी औषध आहे का? मी म्हणाले, नाही, संपलं.

मग ती म्हणाली, "आता नीट ऐक. त्यांच्या जबड्याखाली, दोन्ही बाजूंनी, बोटांनी दाब. मऊ लागतंय की लाकडासारखं कडक, ते मला सांग. मी थांबते."

मी म्हणाले, बरं. फोन हातात धरून घराकडे गेले. रेंज गेली. बाबा खांबाला टेकून बसले होते, डोळे मिटून. मी चार पावलांवर थांबले. बाबांच्या हनुवटीखाली पांढरी खुरटी दाढी होती, ती एरवी खाली वळलेली असायची, आता पुढे आली होती. बाबांनी डोळे उघडले. मी काहीतरी शोधायला आल्यासारखी किटली उचलली, खाली ठेवली, आणि परत टाकीपाशी येऊन फोन लावला.

"मऊ आहे," म्हणाले मी.

का म्हणाले? हात लावता येत नाही, असं म्हणता आलं असतं. पण तिचा आवाज असा होता ना, शिकलेल्या माणसाचा, घाईतला. मला परत कुणीतरी उभं करून, तुला एवढंही येत नाही म्हणायला नको होतं. आणि कसं सांगू, मला वाटलं, मऊच असेल.

ती म्हणाली, मग सोमवारच्या बोटीने घेऊन ये, काही बदललं तर लगेच फोन कर.

शनिवारी बाबा बोलले नाहीत. तसे ते बोलायचे नाहीतच, त्यामुळे मला फरक कळला नाही. आता हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी सकाळी मी भट्टी लावली. दगड तापवले, अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध घालून पुड्या बांधल्या, कोनफळाचे तुकडे केले, वर पानं, वर माती. घंटा झाली. सगळं बेट पांढरे कपडे घालून, कमरेला चटया बांधून चर्चला गेलं. रविवारी आमच्याकडे कुणी काम करत नाही. मासे नाहीत, बोटी नाहीत, कपडे वाळतसुद्धा घालत नाहीत.

घरातून ठक ठक आवाज आला. बाबा कप खांबावर आपटत होते.

आत गेले तर बाबा पुढे वाकून बसलेले. तोंड उघडं, लाळ छातीवर गळतेय, पुसायचं भान नाही. जीभ वर उचललेली, जाड, दातांच्या मध्ये. मान गालाएवढीच रुंद झाली होती. गळा असा नव्हताच, छातीतून थेट तोंड निघाल्यासारखं. बोलायला गेले तर तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज आला. मी म्हणाले, आडवे व्हा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आडवं झालं की श्वास अडकत होता.

मी धावत टाकीपाशी गेले. डॉक्टरने तिसऱ्या वेळेला उचलला. मागे गाणं चालू होतं, ती पण चर्चमध्येच होती. मी सांगितलं आणि ती बाहेर आली, कारण गाणं एकदम लांब गेलं.

"जबड्याखाली हात लावून बघ. आत्ता."

"मला नाही जमणार."

"शुक्रवारी लावलास ना?"

मी गप्प. टाकीतून पाणी ठिबकत होतं.

"शुक्रवारी मऊ होतं," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

तिने वाद घातला नाही. विचारलं, तुझी आत्या आहे बेटावर? आहे म्हणाले. मग तिला ने. तिने हात लावला आणि लाकडासारखं लागलं, तर मला फोन करत बसू नको, सरळ बोटीत घाल. रविवार-बिविवार काही नाही. आडवं झोपवायचं नाही, बसवून आण, डोकं पुढे धरून. मी पांगाईच्या धक्क्यावर उभी असते.

चर्चमध्ये मी कधी अशी गेले नव्हते. अनवाणी, भट्टीच्या राखेचे हात, कमरेला चटई नाही. पाद्री त्या रविवारी दुसऱ्या बेटावर होते, आमच्यातलेच एक काका पुढे उभे होते. गाणं चालू होतं. मी मधल्या वाटेने सरळ पुढे गेले. मागून कुणीतरी शूक शूक केलं. आत्या पहिल्या बाकावर. तिने मला पाहिलं आणि पुस्तकात नजर घातली. गात राहिली.

मी तिच्या पायाशी खाली बसले. मान खाली घातली. ती गातच होती. कडवं संपलं, पुढचं सुरू झालं. माझ्या कानात रक्त चढलं. मनात आलं, उठावं आणि जावं. मग ठक ठक आठवलं.

"आत्या," मी म्हणाले, गाण्याच्या वर. "माझी जीभ झडू दे. पण बाबांना श्वास येत नाही. डॉक्टर म्हणते त्यांच्या जबड्याखाली हात लावून बघायला पाहिजे. मी लावू शकत नाही. तुम्हीच लावू शकता."

बाकी सगळे गायचे थांबले. मागे एक म्हातारी गातच होती, तिला ऐकू येत नाही.

आत्याने पुस्तक मिटलं. "सहा महिन्यांनी तोंड उघडलंस," म्हणाली. "ऊठ. रांगत काय बसलीस, चल."

पंचाहत्तरीची बाई, पण माझ्या पुढे चालत होती.

दारापाशी मात्र थांबली. आमच्यात मोठे झालेले भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. लहानपणापासून वेगळे झोपतात, एकमेकांसमोर थट्टा करत नाहीत, आजार-बिजार काढत नाहीत. मी या दोघांना चर्चशिवाय एका छपराखाली कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी तिला बघितलं आणि लाळ पुसायची धडपड केली, उठायला गेले.

"बस खाली, लिसिआते," आत्या म्हणाली. "मी आत येतेय."

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. हात आपल्या पांढऱ्या झग्याला पुसले. मग एक हात त्यांच्या डोक्यामागे धरला आणि दुसरा जबड्याखाली घातला. बाबांनी डोळे घट्ट मिटले. दाढ टोचल्यावर करायचे तसे नाही, लहान पोर करतं तसे. आत्याची बोटं एका कानाखालून दुसऱ्या कानाखाली गेली. तिचं तोंड मी बघत होते. सोन्याची कड दिसत होती, पण ती हसत नव्हती.

"लाकूड," म्हणाली. मग मान न वळवता विचारलं, "कधीपासून असं?"

गुरुवारपासून, शुक्रवारपासून, कालपासून, यातलं काहीही म्हणता आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तोपर्यंत अर्धं चर्च अंगणात आलं होतं. केपू पुढेच होता, त्याचीच बोट चालू स्थितीत होती. तो चुळबुळत म्हणाला, आत्या, रविवारी इंजिन चालू केलं तर पाद्री मला वर्षभर मागच्या बाकावर बसवतील.

"पाद्र्याला सांग तेलेसियाने सांगितलं. देवाला काय सांगायचं ते मी बघते. बोट ढकल."

भरती लागत होती. बाबा स्वतःच्या पायांनी चालत आले, दोन माणसं दोन्ही बाजूंना, हात न लावता. बोटीत मधल्या फळीवर बसले. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले आणि कडेला हात टाकला. केपू म्हणाला, बस झालं वजन, कडेच्या खडकांपलीकडे लाटा आहेत, पाणी उपसायला एक माणूस लागेल, तो मी घेतलाय. मी म्हणाले, मी उपसते. तो म्हणाला, तू नको. मी त्याला एक घाण शिवी दिली, रविवारी, सगळ्यांसमोर. तो ओशाळला, पण त्याने माझा हात काढला.

"लुसे," आत्या म्हणाली. "घरी थांब. भट्टी लागलीये."

ती बाबांच्या मागे बसली. झगा चिखलाने भरलेला. दोन्ही हातांनी तिने त्यांचं डोकं कपाळापाशी धरलं, पुढे झुकवून. दीड तासाची वाट. लाटेवर बोट आपटली की डोकं मागे जाऊ द्यायचं नाही. ते काम तिथे तिच्याशिवाय कुणी करू शकत नव्हतं. बोट खडकांच्या फटीतून बाहेर गेली तरी मला तो पांढरा झगा दिसत होता आणि त्याच्यासमोर ते काळं डोकं. मग इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. मग तोही नाही.

लोक परत चर्चला गेले. अर्धं गाणं राहिलं होतं ना.

घरी आले. बाबांची चटई आवरायला घेतली, ओली झाली होती. उचलली तर खालून गोळ्यांची पट्टी निघाली. सहा घेतल्या होत्या. पंधरा तशाच. दुखायचं थांबलं म्हणून ठेवून दिल्या असतील, पुढच्या वेळेला. म्हणजे आम्ही दोघंही खोटं बोललो होतो. बाबा मला आणि मी डॉक्टरला. एका घरात राहून दोघांनी एकाच दाढेबद्दल. मला हसू यायला लागलं, मग ते हसू राहिलं नाही.

दुपारी भट्टी उघडली. तीन माणसांचं जेवण. बाबांची पुडी, माझी, आणि पहिली आत्याची. सवयीने मी तिची पुडी टोपलीत घातली आणि चर्चच्या पलीकडे चालत गेले. तिच्या पायरीपाशी पोचल्यावर लक्षात आलं. टोपली घेऊन परत आले. वाटेत सगळ्या दारांतून जेवणाचे आवाज येत होते. एका घरातून कुणीतरी हाक मारली, ये गं जेवायला. मी म्हणाले, घरी आहे.

ऊन कलल्यावर टाकीपाशी जाऊन बसले, पाठ लावून. फोन वाजला तेव्हा समुद्रावर अजून थोडा उजेड होता.

डॉक्टर दमलेली वाटली. म्हणाली, जबड्याखाली दोन ठिकाणी चिरून पू काढला, दाढ काढली, नळी घातली आहे. श्वास मोकळा आहे. उद्या विमानाने राजधानीला नेतील, तिथे काही दिवस राहावं लागेल. अजून दोन-तीन तास गेले असते तर... मग विचारलं, गोळ्यांचं काय झालं होतं गं? मी पट्टी सापडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, सगळे हेच करतात. दुखणं गेलं म्हणजे जंतू गेले असं नाही, ते आत बसून राहतात, आणि पुढच्या वेळी जास्त जोराने येतात. गोळ्या दिल्या तरी दाढ काढायचीच असते, गोळ्या फक्त वेळ मिळवून देतात.

मी ऐकत होते. मग म्हणाले, "डॉक्टर, मी शुक्रवारी हात लावला नव्हता."

"माहीत आहे. आज तू गप्प झालीस तेव्हा कळलं."

मी वाट बघत होते, ओरडेल म्हणून.

"चूक माझी पण आहे," ती म्हणाली. "मी पुस्तकातल्यासारखं विचारलं. कोणाला विचारतेय ते बघितलं नाही. मीही इथलीच ना. मी माझ्या बापाच्या डोक्याला एकदाच हात लावला, डॉक्टर झाल्यावर, आणि तेव्हा ते शुद्धीत नव्हते." मग म्हणाली, "पण लुसे, मऊ म्हणायचं नव्हतंस. लावता येत नाही म्हणायचं होतंस. मी शुक्रवारीच बोट पाठवली असती."

हो, म्हणाले मी.

मग ती म्हणाली, वडील जागे आहेत, बोलू शकणार नाहीत, पण ऐकू येतं, आत्या फोन कानाला धरते.

फोनमधून श्वास ऐकू यायला लागला. ओला, जड, पण येत-जात होता. आम्हाला बोलायची सवय कुठे होती. मी म्हणाले, बाबा, डुक्कर कुंपणातून निघालं होतं, आत घातलं. भट्टी चांगली लागली होती. कोनफळ जरा जळलं. मग म्हणाले, गोळ्या सापडल्या. मग म्हणाले, मी शुक्रवारी आत आले होते ना, किटली उचलली, ती किटलीसाठी आले नव्हते. डॉक्टरने हात लावून बघायला सांगितलं होतं. मी लावला नाही आणि लावला म्हणून सांगितलं.

श्वास तसाच चालू होता. मग फोनवर ठक असा आवाज आला. नखाने मारल्यासारखा. मग परत, ठक. त्याचा अर्थ काय ते मला माहीत नाही. हो असेल, कळलं असेल, गप्प बस असेल.

मग आत्याचा आवाज आला. दमला गं तो, म्हणाली, ठेवते आता. आणि जरा थांबून, "जेवलीस का?"

हो, असं तोंडात आलं होतं. नेहमी येतं तसं.

"नाही," मी म्हणाले.

"मग जेव."

घरी जाऊन दिवा लावला. माझी पुडी सोडली, थंड झाली होती, नारळाचं दूध थिजलं होतं. खांबाला टेकून खाल्लं, बाबा टेकतात त्याच्या दुसऱ्या बाजूला. भरलेल्या दाढेने चावलं, काही दुखलं नाही. बाबांच्या पुडीवर त्यांचं ताट पालथं घातलं. ती खायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आत्याची टोपली दाराशी ठेवली होती, तिथेच राहू दिली. मग बाहेर जाऊन दात घासले, थुंकले, आणि पाणी घेतलं नाही.